आपलंच आहे

विमान पहाटे पाचचं. मामाने डोंबिवलीहून गाडी सांगितली रात्री साडेनऊची.

"मामा, अरे रात्रीचा रस्ता मोकळा असतो. दीड तासात पोचतो आपण."

"आणि शिळफाट्याला कंटेनर आडवा झाला तर?"

शिळफाट्याला कंटेनर आडवा होतो, हे काही खोटं नाही. पण मामाच्या मनात कंटेनर नव्हता, लाउंज होता. हे मला ठाऊक होतं, मामीला ठाऊक होतं आणि ऐरोली येईपर्यंत गाडीवाल्यालाही ठाऊक झालं. लाउंजात काय काय मिळतं त्याची यादी तोवर दोनदा म्हणून झाली होती.

विमानप्रवास ही लाउंजात बसायला मिळावं म्हणून मोजायची किंमत आहे, असं मानणारी माणसं आता घरटी एक तरी निघतात. आमच्या घरात तो मान मामाचा. सरकारी बँकेत पस्तीस वर्षं कॅशियर. निवृत्त झाल्यावर मुलाने त्याला क्रेडिट कार्ड घेऊन दिलं आणि सांगितलं, की हे दाखवलं की विमानतळावर आत जेवण मिळतं, खात्यातून फक्त दोन रुपये कापतात. कर्ज या शब्दाला आयुष्यभर बिचकलेला माणूस त्या दोन रुपयांपुढे विरघळला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, तेव्हाही मामा रांगेत होता. "तीस वर्षांत भाव फक्त दुप्पट," तो सांगतो, "आणि वर सोफा."

पुढे बँका हुशार झाल्या. आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च कार्डावर केला असेल तरच लाउंज, असा नियम आला. मामाने त्यालाही बँकवाल्याचंच उत्तर शोधलं. नात्यात कुणाचाही मोठा खर्च निघाला की मामा कार्ड घेऊन हजर. माझा फ्रिज मामाच्या कार्डावर, मावशीचा चष्मा मामाच्या कार्डावर, एका भाचीच्या हॉलचं डिपॉझिट मामाच्या कार्डावर. आम्ही रोख द्यायची, ती थुंकी न लावता मोजून घ्यायची, दुसऱ्या दिवशी कार्डाचे पैसे भरून टाकायचे. सगळं करून वर्षाकाठी तो जायचा किती वेळा? दोनदा. एकदा नागपूरला, एकदा बंगळुरूला.

या खेपेला मात्र मुलाने जमवलेले माइल्स मोडून आईबापांना लंडनचं बिझनेस क्लासचं तिकीट काढून दिलं होतं. मी त्याच विमानात, पण मागे, स्वखर्चाने. लाउंजात मला माझ्या कार्डावर शिरता येणार होतं. त्यामुळे मामाची एक मोठी सोय झाली, साक्षीदार मिळाला.

अकराला पोचलो. काउंटर उघडायला दोन तास होते. लाल गालिच्याच्या रांगेत पहिला नंबर लावून मामा ट्रॉलीच्या कडेवर टेकला आणि मुलाने सांगितलेला इतिहास त्याने मला सांगितला. जगातला पहिला लाउंज १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने काढला. सुरुवातीला पैसे टाकून जाता येत नसे, बोलावणं असेल तरच प्रवेश.

"एकोणचाळीस साल," मामा म्हणाला. "तेव्हा आमचे आजोबा जैतापूरहून आगबोटीने मुंबईला यायचे. वाळूवर बसायचं, बोटीचा धूर दिसला की पडावात चढायचं, पडावातून बोटीत. धूर कधी दिसेल ते कुणी सांगायचं नाही. दशमी आणि घोंगडी, हा लाउंज."

काउंटर उघडला आणि मामा सुटला. इमिग्रेशन झालं, तपासणी झाली. टी-टूच्या त्या लांबच लांब भिंतीवर देशभरातल्या हजारो कलावस्तू मांडल्या आहेत. मामी लाकडी झरोके, मुखवटे बघत रमतगमत येत होती. मामाने एका गणपतीला चालता चालता नमस्कार केला, तेवढंच.

लाउंजच्या दारातल्या मुलीने पास पाहिला आणि आडनाव घेऊन, पुढे 'सर' लावून स्वागत केलं. मामा जरा गडबडला. पस्तीस वर्षं काचेच्या आतून तो लोकांना 'थांबा' म्हणत आला, काचेच्या बाहेर उभं असताना कुणी 'या' म्हणेल याची त्याला सवय नाही. त्याने उगाचच पासपोर्टही पुढे केला. मग पॅन कार्डही काढू लागला, ते मामीने पिशवीत परत घातलं.

आत गेल्यावर मात्र कायापालट. मामाचं खाणं दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा, ताट न घेता एक प्रदक्षिणा. हात पाठीमागे, प्रत्येक झाकण उचलून आत पाहायचं, पुन्हा हळूच ठेवायचं. इडली, उपमा, पोहे यांना एका वाक्यात निकाल, "हे घरी मिळतं." दुसरा टप्पा, जे घरी मिळत नाही ते घ्यायचं, आवडो न आवडो. ऑलिव्ह खाऊन तो म्हणाला, "लिंबोळीचं लोणचं." हमसला म्हणाला, "काबुली चण्याचं पिठलं. फोडणी द्यायला विसरलेत." निळ्या बुरशीचं चीज त्याने डोळे मिटून गिळलं, लहानपणी एरंडेल घेतलं असेल तसं. मधूनमधून ओठ हलत होते. मला वाटलं, वदनी कवळ चाललंय. पण ती बेरीज होती. बाहेरच्या दुकानात हीच कॉफी कितीला, हे सँडविच कितीला, हे तो तिथे आधी चौकशी करून आला होता.

"अकराशे झाले," कॉफी संपवून तो म्हणाला. "माझे. तुझी मामी अजून दोनशेवरच आहे."

मामीने पिशवीतून डबा काढला. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. मामाने आधी इकडेतिकडे बघून घेतलं, मग दोन दशम्या खाल्ल्या. त्या बेरजेत धरल्या नाहीत.

पोट भरलं की मामाचा यजमान होतो. लाउंज म्हणजे कुणाचं तरी लग्नघर आणि आपण मुलीकडचे, या थाटात तो फिरू लागतो. लॅपटॉपात डोकं घातलेल्या एका तरुणापाशी जाऊन म्हणाला, "गुलाबजाम गरम आलेत, घ्या. आपलंच आहे." तो 'थँक यू' म्हणाला आणि हलला नाही. तेव्हा मामाने स्वतः वाटीत दोन आणून त्याच्यासमोर ठेवले. पंगतीत नको म्हणणाऱ्याला वाढायचंच असतं. एका गोऱ्या आजीबाईंना खुणेने रसमलाईची शिफारस केली. टेबलं पुसणारा मुलगा कणकवलीचा निघाला. मग काय, त्याच्या गावातले दोन शाखाधिकारी मामाच्या ओळखीचे निघाले, मुलाची ड्युटी किती वाजता सुटते, जेवतो कुठे, सगळी विचारपूस झाली. "बस की जरा," मामा त्याला म्हणाला. बसणं त्याला शक्य नव्हतं. तेव्हा मामाने आमच्या सगळ्या बशा एकावर एक रचल्या, चमचे वर ठेवले आणि कागदी रुमालाने टेबल पुसून घेतलं. "सर, राहू द्या," तो मुलगा म्हणत होता. मामा म्हणाला, "अरे, आपलंच आहे."

आणि इतका मऊ, गुडघे वर येतील असा सोफा असून मामा बसतो कडेवर. बॅगेचा पट्टा पायात अडकवलेला. पाठ टेकत नाही. टेकली तर झोप लागेल, झोप लागली तर बॅग जाईल, हा दादरच्या फलाटावरचा धडा. मुंबईच्या विमानतळावर आता बोर्डिंगच्या घोषणा होत नाहीत, पडद्यावर बघावं लागतं. पडद्यावर मामाचा विश्वास नाही. दर दहा मिनिटांनी तो जवळ जाऊन आपल्या विमानाची ओळ बोटाने वाचून यायचा.

चारला मामीने आठवण केली, "अहो, निघायचं का?"

"घाई काय आहे? अंघोळ राहिलीय."

"मामा, तू घरून अंघोळ करून निघालास," मी म्हटलं.

"ती घरची. ही तिकिटातली."

टॉवेल घेऊन तो आत गेला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. पडद्यावर आमची ओळ बदलली. मी दारावर टकटक केली, तर आतून आवाज आला, "गरम पाणी सापडत नाहीये. नळाला चार खुंट्या आहेत." मामी शांतपणे मासिक चाळत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने याहून लांब अंघोळी पाहिल्या असाव्यात. अखेर मामा बाहेर आला. केस ओले, कपाळ पुसलेलं, अंगाला कसलासा परदेशी वास. गेट अगदी टोकाला होतं. डोंबिवलीहून साडेनऊला निघालेला हा माणूस विमानात चढणाऱ्यांतला शेवटून तिसरा होता. शेवटून दुसरी मामी आणि शेवटचा मी.

विमानात त्याला काडीचाही रस नव्हता. मी मागून एकदा बघून आलो. मामी पाय लांब करून आडवी झाली होती, सगळी बटणं तिने एकेक करून समजून घेतली होती. मामा सीट सरळ ठेवून गाढ झोपलेला. जेवण दोनदा आलं, दोनदा परत गेलं. पोटात जागाच नव्हती.

लंडन जवळ आलं तशी त्याला जाग आली. मुलगा नातवाला घेऊन बाहेर उभा असणार होता. मामाने पट्टा बांधला, चष्मा पुसला आणि हवाईसुंदरीला खुणेने बोलावलं. मामीला वाटलं, पाणी हवं असेल.

"उतरल्यावरसुद्धा लाउंज असतो म्हणे काही ठिकाणी," तो इंग्रजीत, फार अदबीने विचारत होता. "अंघोळीची सोय असलेला?"