प्रमाणपत्र झालं, पगार कुठे आहे?

प्रशिक्षण पूर्ण झालं. पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटली. फोटो निघाला, पेपरात छापून आला. नोकरी कधी?

पुढच्या वर्षी नवं प्रशिक्षण आहे.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या तरुणांच्या घरी अशा प्रमाणपत्रांची एक फाईल असते. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या रंगवणं, संगणकाची तोंडओळख. पंचविशी उलटते, तिशी येते, फाईल जाड होत जाते. तिच्यात पगाराची एक स्लिप नसते. पूर्ण तयार झाल्याशिवाय कामावर कसं पाठवायचं, असं सगळे म्हणतात. पण तयार झाला हे ठरवायचं कोणी?

कोणीच ठरवत नाही. म्हणून तो कधीच तयार होत नाही.

अमेरिकेत ही गाठ पन्नास वर्षांपूर्वी सुटू लागली. १९७०च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या संशोधकानं बौद्धिक अक्षमता असलेल्या, कार्यशाळांत नुसत्या बसवून ठेवलेल्या माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला. पंधरा सुट्या भागांचा ब्रेक. त्यानं कामाच्या बारीक पायऱ्या पाडल्या, बोलणं कमीत कमी ठेवलं, हाताला हात लावून दाखवलं. भागाची कोणती बाजू वर ठेवायची ते कळावं म्हणून ती रंगवली. ब्रेक जोडला गेला. चोवीस भागांचाही जोडला गेला. ज्यांना काहीच जमणार नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, त्यांच्याच हातून. एका पद्धतीनं जमत नसेल तर दुसऱ्या पद्धतीनं शिकवा, एवढाच गोल्डचा आग्रह होता.

ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियातल्या विद्यापीठात पॉल वेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. आधी नोकरी, तीही खऱ्या पगाराची आणि इतर चारचौघे काम करतात त्याच जागी. शिकवणं त्यानंतर, तिथेच, सोबत एक माणूस देऊन. या माणसाला जॉब कोच म्हणतात. १९८४ साली ही रीत तिथल्या कायद्यात आली.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन सांगायला हवं होतं का?

या रीतीमागे कारण साधं आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी लावणं अवघड जातं. कार्यशाळेच्या टेबलावर डबे ओळीनं लावता आले, म्हणजे दुकानात लावता येतील असं नाही. तिथे गर्दी आहे, गाणी लागली आहेत, मध्येच कोणी तरी साबण कुठे आहे विचारतं. मग टेबलावरच्या सरावात तीन वर्षं का घालवायची? दुकानातच का नाही शिकवायचं?

कारण दुकानात शिकवायला माणूस लागतो. आणि तो आपण नेमलेलाच नाही.

जॉब कोच करतो काय, ते एकदा नीट बघू. समजा, सव्वीस वर्षांच्या एका तरुणाला ठाण्याच्या सुपरमार्केटात माल लावायचं काम मिळालं. कोच आधी तिथे जाऊन ते काम स्वतः करून बघतो. जुना माल पुढे, नवा मागे, हा तिथला पहिला नियम. पाकिटावरची बारीक तारीख या तरुणाला वाचता येत नाही. झालं, नापास? कोच रंगीत टिकल्या आणतो. आज आलेल्या खोक्यावर निळी टिकली, कालच्यावर पिवळी. निळी मागे, पिवळी पुढे. भरलेल्या फळीचा फोटो काढून फळीच्या कडेला चिकटवतो. काम संपलं की फळी फोटोसारखी दिसली पाहिजे.

प्रश्न मिटला. खर्च किती आला? टिकल्यांचं एक पाकीट.

मग सुपरवायझरची शिकवणी. 'ते जरा आवरून घे रे' असं सांगितलं की हा तरुण जागच्या जागी उभा राहतो. काय आवरायचं, कुठवर, कुठे न्यायचं? 'ही तीन खोकी गोडाऊनमध्ये ठेव' म्हटलं की खोकी गोडाऊनमध्ये जातात. कोच हे सुपरवायझरला सांगतो, समोर करून दाखवतो, दुसऱ्या दिवशी परत आठवण करतो. गंमत अशी की या सुपरवायझरचं बाकीच्या पोरांशीही जास्त जमायला लागतं.

डबा कोणाबरोबर खायचा, शौचालयाची किल्ली कोणाकडे असते, गिऱ्हाईक चिडलं तर कोणाला हाक मारायची, पगार खात्यात जमा झाला हे कसं कळतं. यातलं काही कोणत्या प्रमाणपत्रात शिकवतात? नोकऱ्या सुटतात त्या मात्र याच गोष्टींवरून.

आणि प्रवास. ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली की काय करायचं? लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसं घुसून बसली असतील तर? पहिले काही दिवस कोच गाडीत सोबत असतो. मग शेजारच्या दारात उभा राहतो. मग फक्त स्टेशनवर भेटतो. मग फोन.

दुकानातही तसंच. आधी दिवसभर, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून एकदा. कोच हळूहळू बाजूला होतो, पण गायब होत नाही. इथेच आपल्याकडचे बहुतेक प्रयत्न फसतात. 'लावून दिली नोकरी' म्हणून संस्था वर्षाच्या अहवालात एक आकडा वाढवते. सहा महिन्यांनी सुपरवायझर बदलतो. नव्या साहेबाला टिकल्या माहीत नाहीत, तो फोटो फाडून टाकतो. आठवड्याभरात तरुण घरी.

अहवालातला आकडा मात्र तसाच राहतो.

हे सगळं भावनेच्या भरात चाललंय असं वाटत असेल तर एक हिशेब बघा. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारांतून उठणाऱ्या लोकांसाठी याच विचाराची एक पद्धत अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी बसवली. रोजगाराचा सल्लागार आणि उपचार करणारे एकाच चमूत. कामाची इच्छा आहे एवढी एकच अट. २००८ साली अशा ११ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. या पद्धतीत ६१ टक्के लोकांना खुल्या बाजारातली नोकरी मिळाली, इतर प्रकारच्या मदतीत २३ टक्के लोकांना.

आपल्याकडे अशा माणसाला काय सांगतात? आधी पूर्ण बरा हो. बरं व्हायला कामाचीच मदत होत असेल तर?

आता सरकारकडे वळू. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे, हे आधी मान्य करू. पूर्वी सात प्रकारची अपंगत्वं मानली जात, आता एकवीस. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के झालं. १९९५च्या कायद्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार असलेल्यांना नोकरीत आरक्षणच नव्हतं. आता चौथा टक्का त्यांचा आहे.

कागदावर. स्पर्धा परीक्षेचा पेपर तोच. ज्याला लेखी पेपर झेपत नाही पण फाईली क्रमांकानं लावणं बिनचूक जमतं, त्याची परीक्षा फाईली लावायला देऊन का घेत नाहीत?

पेपर झेपणाऱ्यांचं तरी काय होतं? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील आठवतात? दृष्टिहीन. २०१६ साली यूपीएससी पार करून त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली आणि दिसत नाही म्हणून नेमणूक नाकारली गेली. त्यांनी परीक्षा पुन्हा दिली, १२४वा क्रमांक काढला, आयएएस झाल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदी रुजू झाल्या. दिल्लीपर्यंत धडक मारणाऱ्या मुलीला एकच डोंगर दोनदा चढायला लागतो. तिच्याइतकी जिद्द नसलेल्या, साध्या बारावी झालेल्या मुलीनं काय करायचं?

खासगी कंपन्यांसाठी केंद्रानं २००८ साली योजना आणली. महिना २५ हजारांपर्यंत पगाराचा दिव्यांग कर्मचारी घ्या, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयमधला मालकाचा वाटा तीन वर्षं आम्ही भरतो. वर्षाला एक लाख नोकऱ्यांचं स्वप्न होतं. त्याच्या जवळपासही गाडी पोहोचली नाही. का पोहोचेल? मालकाची अडचण भविष्यनिर्वाह निधीची कधी नव्हतीच. 'याला शिकवणार कोण, आणि काही झालं तर मी फोन कोणाला करू,' ही त्याची अडचण आहे. वाटा भरायला सरकार तयार, फोन उचलायला माणूस नाही.

तोच पैसा कोचच्या पगारावर लावला असता तर?

पेन्शनची गोष्ट तर जास्त टोचते. संजय गांधी निराधार योजनेतून राज्यातल्या दिव्यांगांना महिन्याला पैसे मिळतात. २०२५ साली ते दीड हजारांवरून अडीच हजार झाले, बरं झालं. पण योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ती इतकी खाली आहे की घरात एक साधासा नियमित पगार आला की ओलांडली जाते. नोकरी तीन महिन्यांत सुटली तर? पेन्शन परत सुरू करायची म्हणजे पुन्हा दाखले, तहसील कचेरीच्या पुन्हा खेपा. मग आई म्हणते, राहू दे बाबा, घरीच बस. ही आई मागासलेली नाही, तिचा हिशेब बरोबर आहे. चुकीचा आहे तो नियम. कामाला लागल्यावर वर्षभर पेन्शन चालू ठेवा आणि नोकरी सुटली तर अर्ज न मागता परत सुरू करा. एका शासन निर्णयाचं काम आहे. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग २०२२ साली महाराष्ट्रानं काढला. हे काम त्याचं नाही तर कोणाचं?

पालकांबद्दल कोणी सहज 'ते सोडतच नाहीत मुलाला' असं म्हणतं तेव्हा राग येतो. संरक्षित कार्यशाळांनी या घरांना मोठा आधार दिला आहे. मुलगा दिवसभर सुरक्षित असतो, चार मित्र भेटतात, संध्याकाळी हसत घरी येतो. त्या बदल्यात बाहेरची नोकरी म्हणजे अनोळखी जागा, चिडवणारी माणसं, आणि दोन महिन्यांत 'उद्यापासून पाठवू नका'. 'आमच्यामागे याचं कसं होणार' हा प्रश्न उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसांनी हा जुगार कोणाच्या भरवशावर खेळायचा? कोच हवा आहे तो त्यांच्यासाठीही.

कंपन्याही आता पुढे येताहेत, म्हणतात. येताहेत, पण मागणी काय असते ते प्लेसमेंटचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. 'पायानं थोडा अधू असलेला चालेल.' 'ऐकू येत नाही ते बघू, पण मतिमंद नको.' कमीत कमी अपंगत्व आणि जास्तीत जास्त फोटो. तीन डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, गेटवर रांगोळी, सभागृहात भाषण, डोळे पाणावणारा व्हिडिओ. चार डिसेंबरला त्याच कंपनीच्या अर्जात दिव्यांगांसाठी वेगळ्या सोयीचा रकाना सापडत नाही.

पण दिव्यांग हक्क कायदा इथे कंपन्यांना एक गोष्ट सक्तीची करतो आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. प्रत्येक आस्थापनेनं, खासगी असली तरी, समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदं, निवडीची पद्धत, सोयीसुविधा, प्रशिक्षण हे सगळं लिहायचं, आणि या कामासाठी एक संपर्क अधिकारी नेमायचा. धोरण वेबसाइटवर किंवा सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. २०१७ पासून हा नियम आहे.

तुमच्या ऑफिसात ते कुठे लावलंय? सोमवारी एचआरला विचारा. 'बघून सांगतो' असं उत्तर आलं तर संपर्क अधिकाऱ्याचं नाव विचारा. तेही नसेल तर कायद्याचं कलम ८९ वाचून दाखवा. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. आणि धोरण सापडलंच, तर त्यात नव्या माणसाच्या शेजारी पहिले तीन महिने कोण उभं राहणार, हे लिहिलंय का तेवढं बघा.