तीन पाडवे आणि एक दाखला

महासाथीच्या काळात सरकारने कलावंतांना वाऱ्यावर सोडले, ही ओरड निखालस खोटी आहे. वाऱ्यावर सोडायला आधी हात धरलेला असावा लागतो. उलट सरकारने तमाशाचे पंचांग किती काटेकोरपणे पाळले ते पाहा. लेण्याद्रीच्या पायथ्यापासून तासाभराच्या आत येणारे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन बसतात, घासाघीस होते आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. वर्षाची बेगमी व्हायची ती याच दिवसांत. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदी लागू झाली तो दिवसही हाच. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राज्यभर संचारबंदी जाहीर केली. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला आणि राज्यातले निर्बंध पूर्णपणे उठले तेही त्याच दिवशी. साडेतीन मुहूर्तांपैकी एकाचा इतका नेमका उपयोग एखाद्या निष्णात जोशीबुवालाही साधला नसता.

मधल्या काळात काहीच मिळाले नाही, असेही म्हणता येणार नाही. दुसरा पाडवा बुडाल्यावर, २०२१ मध्ये, राज्य सरकारने ३५ कोटींची मदत मंजूर केली. ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये, एकदाच, म्हणजे २८ कोटी. ८४७ संस्थांना ६ कोटी. आणि उरलेला १ कोटी जाहिरात देणे, अर्ज मागवणे, छाननी करणे यांसाठी. आता हिशेब करू. पहिल्या टाळेबंदीपासून निर्बंध उठेपर्यंत ७३८ दिवस गेले. ५ हजार रुपये त्यांवर पसरले तर दिवसाला पावणेसात रुपये पडतात. कलावंत खरा की खोटा हे तपासण्याचा खर्च माणशी १७८ रुपये, म्हणजे त्याच्या २६ दिवसांच्या पोटापाण्याइतका. पुरावेही साधेच होते: तहसीलदाराचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका आणि आपण १५ वर्षे कलेच्या क्षेत्रात आहोत याचा कागद. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत रोज नव्या गावात कनात ठोकणाऱ्या माणसाने आपण एका जागी राहतो हे सिद्ध करायचे, आणि बाविशीतल्या नाचणारणीने सातव्या वर्षापासून फडात असल्याचे. बरे, मदत ‘एकल’ कलावंताला. आणि मोठ्या फडात तर शंभरावर माणसे असतात. सोंगाड्या, ढोलकीवाला यांना कलावंत म्हणता येईल. पण तंबू उभारणारा, ट्रक हाकणारा, शंभर जणांच्या भाकऱ्या थापणारी यांना कोणत्या रकान्यात बसवायचे?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना तमाशा हवा होता का? मुळीच नको होता. हजारोंची गर्दी थांबवणे योग्यच होते आणि फडमालकांनी ते निमूटपणे मानले. प्रश्न बंदीचा नाहीच. बंदीचा आदेश एका रात्रीत निघतो आणि भरपाईचा निघायला वर्ष उलटून जाते, हा आहे. दुसरा आक्षेप तिजोरीचा. तिजोरी रिकामी होती हे खरे, म्हणूनच तर मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली. त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळेही उघडली. महसुलासाठी एक दार उघडले, भक्तीसाठी दुसरे. तमाशात महसूल नाही, आणि त्याच्या गणात रोज गणपतीला नमन होत असले तरी ती भक्ती धरत नाहीत.

बाहेरचे दाखले द्यावेत तर बर्लिनने मार्च २०२० संपता संपता एकट्यादुकट्या व्यावसायिकांना, त्यांत कलावंतही आले, ५ हजारच दिले; फक्त युरो. आयर्लंडने २०२२ मध्ये २ हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो सुरू केले. ते श्रीमंत देश, आपली त्यांची बरोबरी कशी, असे कुणी म्हणेल. मान्य. मग आपल्याच सह्याद्रीतला दाखला घेऊ. पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंनी हिंडायचे नाही, एका जागी राहायचे, असा नियम होता. म्हणजे दरवर्षीची टाळेबंदीच. नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरून ठेवले आहे की विणकरांच्या श्रेणीकडे २ हजार कार्षापण ठेव, व्याज महिना शेकडा १, मुद्दल कधीही काढायचे नाही. वर्षाचे २४० होतात. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. जुन्नरच्या लेण्यांतही बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. ही सोय भिक्षूंची होती, कलावंतांची नव्हे, हे कबूल. पण घेण्यासारखी आहे ती रीत: काम थांबणार हे ठाऊक असेल तर पैसा आधी बाजूला काढायचा, आणि व्याज घेणाऱ्याकडे दाखला मागायचा नाही.

आपली रीत याच्या उलट. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवले गेले. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल भागवायला देणगीदार लागले. पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कलावंत जगत असताना तो अर्जदार, गेल्यावर वारसा! यात बदल करायला फार काही लागत नाही. राज्याने एक ठेव ठेवावी, तिचे व्याज फडांना उचल म्हणून द्यावे आणि नियम करावा की यात्राबंदी आणि तिची भरपाई एकाच कागदावर, एकाच सहीने निघेल. एवढे झाल्यावर छाननीचा तो १ कोटी शिल्लक राहील. तो सरकारने स्वतःसाठी वापरावा. आपण १५ वर्षे कलेच्या क्षेत्रात कार्यरत आहोत, याचा पुरावा गोळा करायला त्यालाही खर्च येईलच.