गाडी बसते का?

माणूस गाडी घेतो तो तिच्यात बसायला, असा एक भाबडा समज मोटारी विकणाऱ्यांमध्ये रूढ आहे. आर्णीच्या जीआरभाऊंना तो मान्य नाही. गाडीत माणसं किती बसतात हे नंतर पाहू; गाडी योजनेत बसते का, हे त्यांच्या लेखी आधी. जीआरभाऊ हे कोण्या एका गृहस्थाचं नाव नव्हे, ती एक जातकुळी आहे. यवतमाळहून नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या या तालुक्याच्या गावात दर पानठेल्यामागे एखादा तरी जीआरभाऊ सापडतोच. वय पन्नाशीच्या अल्याडपल्याड, नोकरी शाळेत नाहीतर बँकेत, वडिलांच्या नावावर सात-आठ एकर कोरडवाहू आणि हातात प्लास्टिकची पिशवी. "भाऊ, इलेक्ट्रिक गाडी घेणार होते म्हणे?" असं कोणी विचारलं की खर्रा घोटणारा हात थांबतो आणि उत्तर येतं, "घ्याचीच आहे ना बाप्पा. पण आधी बसते का, ते तं पाहू द्या." हे पाहणं २०१९ पासून चालू आहे. गाव हसतं. परंतु गावाचं हसणं चुकीच्या माणसावर खर्च होत आहे, हे थोडा हिशेब मांडला की लक्षात येतं.

आधी ती पिशवी उघडून पाहिली पाहिजे. सगळ्यात वर २०२५ च्या महाराष्ट्र इलेक्ट्रिक वाहन धोरणाच्या शासन निर्णयाची, म्हणजे जीआरची, झेरॉक्स, तिच्याखाली २०२१ च्या धोरणाची, मग आयकराच्या कलम ८०ईईबीचं कात्रण, आणि तळाशी कृषी सेवा केंद्राच्या बिलाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने केलेली आकडेमोड. शासन निर्णयाच्या डोक्यावर 'वाचा' असं लिहून त्याखाली आधीच्या निर्णयांची यादी देण्याची रीत आहे. ही आज्ञा पाळणारा माणूस तालुक्यात हाच एक. निर्णयाच्या संकेतांकात सुरुवातीलाच तारीख दडलेली असते, हे तो बोट ठेवून दाखवतो. बिलाच्या पाठीवर मात्र एकच आकडा पुन्हा पुन्हा गोल केलेला दिसतो, आणि तो म्हणजे दीड लाख. ८०ईईबीखाली गाडीच्या कर्जाच्या व्याजाची वजावट वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. २०२१ च्या धोरणात राज्याचं प्रोत्साहन बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला ५,००० रुपये, कमाल दीड लाख. २०२५ च्या धोरणात मूळ किमतीच्या १० टक्के, कमाल पुन्हा दीड लाख. त्याआधीची २०१७ ची शेतकरी कर्जमाफी, तीही दीड लाखापर्यंतच. सामान्य माणसाचं भलं करायचं ते दीड लाखापुरतंच, असं मंत्रालयात आणि दिल्लीत कुठेतरी ठरून गेलेलं आहे, असा भाऊंचा निष्कर्ष आहे. पुरावा पाहता तो खोडून काढणं अवघड.

आता त्या ८०ईईबीचीच गंमत पाहा. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेलं हवं. ते बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं हवं, मेहुण्याचं चालत नाही. घेणारी व्यक्ती हवी, कंपनी नको. आणि करदाता जुन्या कररचनेत राहिलेला हवा. एवढं जुळलं तरी वजावट व्याजाची, मुद्दलाची नाही. आणि तीही उत्पन्नातून, करातून नाही. या शेवटच्या पायरीवर भलेभले घसरतात. वजावट दीड लाखाची म्हणजे खिशात दीड लाख राहिले असं नव्हे. ३० टक्के कर भरणाऱ्याचे ४५,००० वाचतात, २० टक्केवाल्याचे ३०,०००. शिवाय वर्षाला दीड लाख व्याज होण्यासाठी ९ टक्के दराने साडेसोळा लाखांच्या वर कर्ज डोक्यावर घ्यावं लागतं. आणि ज्या तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीवर घरं चालतात तिथे निव्वळ शेतकऱ्याला या कलमाचा उपयोग शून्य, कारण शेतीचं उत्पन्न मुळात करमुक्त. ज्याला करच नाही त्याने वजावट कशातून करायची? म्हणजे आर्णीत पात्र कोण, तर पगारदार, जुन्या कररचनेतला आणि वेळेत कर्ज मंजूर करून घेतलेला. भाऊ पगारदार होते, जुन्या कररचनेतही होते. कर्जाच्या अर्जापाशी पोचले तेव्हा २०२३ चा एप्रिल लागला होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. लोभाची हद्द झाली, म्हणतात. गाडी हवी तर घ्यावी, पाच-पन्नास हजारांसाठी कायद्याचा एवढा कीस कशाला पाडायचा? पण हा आक्षेप घेणाऱ्याने आर्णीचा इतिहास पाहिलेला नसतो. २००८ साली केंद्राने शेतकऱ्यांची कर्जमाफी केली आणि पूर्ण माफीची मर्यादा ठेवली दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. ओलिताखालच्या पाच एकरांत उसाचा मळा उभा राहतो. यवतमाळच्या कोरडवाहू पाच एकरांत घर चालेल की नाही हे मृग नक्षत्र ठरवतं. इथे जमीन जास्त आणि पीक कमी, त्यामुळे साडेपाच एकरवाला कापूसकरी कागदावर मोठा शेतकरी ठरला. त्याला सूट मिळायची ती बाकीचं कर्ज भरल्यानंतर. २०१७ मध्ये दीड लाखाच्या वर कर्ज असलेल्याने आधी वरची रक्कम भरायची, मग दीड लाख माफ; त्यासाठी ऑनलाइन अर्ज, आधार आणि याद्यांची वाट पाहणं. अर्ध्या एकराने माणसाचं नशीब फिरतं हे ज्याने घरात पाहिलं, त्याने गाडी घेताना तारीख आणि तळटीप वाचली तर तो लोभ कसा? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, इतकीच ती गोष्ट आहे. फरक एवढाच की भाऊ फुंकत बसतात आणि तोवर ताक पिण्याची मुदत संपते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सवलतीला अटी असणारच. अटी नसत्या तर सगळा पैसा मोठ्या शहरांतल्या मोठ्या गाड्यांनी खाल्ला असता. हे बरोबर आहे आणि भाऊंनाही मान्य आहे. त्यांची तक्रार अटी आहेत अशी नाही, अटी जागेवर राहत नाहीत अशी आहे. इलेक्ट्रिक वाहनांच्या खरेदीवर सूट देणारी केंद्राची 'फेम' योजना घ्या. तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ चालला आणि त्यात खासगी मोटारीला जागाच नव्हती. भाड्याने चालणाऱ्या गाडीला होती. दुचाकीला होती, पण कशी? दर किलोवॅट-तासाला आधी १०,००० रुपये, जून २०२१ पासून १५,०००, जून २०२३ पासून पुन्हा १०,०००, एप्रिल २०२४ पासून नव्या योजनेत ५,०००, आणि एप्रिल २०२५ पासून 'पीएम ई-ड्राइव्ह'मध्ये २,५००. त्या मानाने गुलाबी बोंडअळी वेळेची पक्की. राज्याने २०२१ मध्ये बॅटरी मोजून पैसे दिले, २०२५ मध्ये किंमत पाहून. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. पानठेल्यावर ३० लाखांची गाडी घेणारा एकही नव्हता, पण चर्चा दोन्ही वेळा भरगच्च झाली.

हे फक्त आपल्याकडेच, असंही समजू नये. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने नव्या इलेक्ट्रिक गाडीला ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत दिली. त्यासाठी गाडीची शेवटची जुळणी उत्तर अमेरिकेत हवी, बॅटरीतली खनिजं आणि सुटे भाग ठरल्या ठिकाणचे हवेत, गाडीची किंमत मर्यादेत हवी, आणि एकट्याचं उत्पन्न किती असावं, तर दीड लाख डॉलरच्या आत! न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याने फोनवर हा आकडा सांगितला तर कोणत्याही जीआरभाऊच्या अंगावर काटा यावा. भाऊ सातबारा पाहतात, तिकडे लिथियमची वंशावळ पाहायची. मात्र तिकडच्या सरकारने एक शहाणपण केलं. २०२४ पासून ती सवलत गाडी घेतानाच विक्रेत्याच्या टेबलावर वळती करून घेण्याची सोय दिली. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी ती सवलतच संपली, ही गोष्ट वेगळी.

त्या शहाणपणाचा धागा आपल्याकडेही आहे आणि नेमका तोच भाऊंच्या नजरेतून निसटतो. इथे ते खरोखर चुकतात. इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ मधल्या कपातीनंतरही छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के जीएसटी आहे. इलेक्ट्रिकला ५ टक्केच. त्याशिवाय राज्याच्या धोरणात मोटार वाहन कर पूर्ण माफ. पंधरा लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के कर पडतो, म्हणजे १ लाख ८० हजार. लाडक्या दीड लाखापेक्षा हे ३० हजारांनी जास्त, आणि त्यासाठी ना अर्ज, ना आधार, ना रांग. पण भाऊंच्या कागदावर या रकमेला गोल नाही. विचारलं तर म्हणतात, "अर्जच नाही तं ते अनुदान कायचं?" फुकट आलेल्या पावसाची नोंद नाही आणि टँकरच्या खेपांची मात्र वही, असा हा प्रकार. उलट राज्यभरातून फक्त १०,००० खासगी चारचाकींना मिळणाऱ्या प्रोत्साहनात आपला क्रमांक लागेल का, यावर त्यांच्या संध्याकाळी जातात. इलेक्ट्रिक गाडीला समृद्धी महामार्गावर टोल माफ आहे, हे ते अभिमानाने सांगतात. तो महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातून जातच नाही, त्यासाठी आधी जिल्हा ओलांडावा लागतो, हे हळूच सांगतात.

तरीही दोष सगळा त्यांच्या पदरात टाकता येत नाही. जे किमतीतच कमी झालं ते दिसत नाही, आणि जे अर्ज करून, खेटे घालून मिळालं तेच 'मिळालं' वाटतं, हा धडा कोणी दिला? सेतू केंद्राच्या रांगेने, याद्यांनी आणि 'त्रुटी पूर्ण करा' अशा शेऱ्यांनीच दिला. उरतो शेवटचा टोमणा, की एवढा अभ्यास करून भाऊंनी गाडी काही घेतली नाही. खरं आहे. पण कर्ज कोणत्या तारखेला मंजूर झालं होतं, कोणती कररचना निवडायची, ऑन-रोड किमतीत सूट खरोखर धरली आहे की नुसती तोंडी आहे, हे विचारायला लोक त्यांच्याकडेच येतात आणि फी न देता जातात. सवलत द्यायचीच असेल तर सरकारने ती जीएसटीसारखी किमतीत मुरवून द्यावी, दर निदान पाच वर्षं हलवू नये, आणि जाहिरातीत कमाल रकमेइतक्याच ठळक अक्षरात अटही छापावी. एवढं झालं तर जीआरभाऊ नावाची जातकुळी आपोआप कमी होईल आणि तिची बुद्धी दुसऱ्या कामाला लागेल.

तोवर मात्र त्यांना पर्याय नाही. चहावर देशाचे प्रश्न सोडवण्याची या तालुक्याला सवय आहे. २० मार्च २०१४ ला इथल्याच दाभडी गावात नरेंद्र मोदींनी शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' केली होती. राज्याच्या सध्याच्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. तेवढ्यात गाडी घ्यायची असेल आणि आर्णीवरून जाणं झालं, तर जीआरभाऊंना जरूर भेटा. आधार आणि फॉर्म १६ सोबत असू द्या, नसले तर तेच मागतील. चहा तुम्ही सांगायचा. त्याला भाऊ कोणत्याही अटीशिवाय पात्र आहेत.