खग्रासवाले गुरुजी

देवगाव रंगारीसारख्या गावात खग्रासवाले गुरुजी एखादेच असतात, पण असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये वेल्डिंगच्या दुकानातून मिळवलेली चौदा नंबरची काच. एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघणारा दिसला की त्यांचा वर्गातला आवाज परत येतो. ग्रहण लागायचं म्हटलं की हे गाव सोडून निघतात, म्हणून मोटार स्टँडवर त्यांचा निकाल कधीच लागला आहे: डोकं फिरलंय. माझं म्हणणं उलट आहे. अख्ख्या कन्नड तालुक्यात इतका हिशेबी माणूस सापडायचा नाही, कांद्याचे व्यापारी धरूनसुद्धा.

पहिली हरकत घरातूनच येते: सूर्य काय आपल्या गावात उगवत नाही? उगवतो, पण एकाच जागी खग्रास ग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. म्हणजे ओसरीवर खाट टाकून वाट बघायची तर चौदा-पंधरा पिढ्यांनी पाळी लावून बसायला हवं. त्यापेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त. दुसरी हरकत जास्त शहाणी वाटते: इथूनही नव्वद-पंचाण्णव टक्के दिसत असेल तर उरलेल्या पाचासाठी एवढी यातायात कशाला? इथे गुरुजी हट्टाला पेटतात, आणि बरोबर पेटतात. सूर्याभोवतीची प्रभा, म्हणजे करोना, सूर्यबिंबाच्या जवळजवळ दहा लाखांश तेजाची. बिंबाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी तो तिच्या दहा हजार पट झगझगतो आणि तिला दिसू देत नाही. जन्मभर पस्तीस गुणांवर पोरं वर ढकललेला हा माणूस नव्व्याण्णवला नापास करतो, त्यात खुळेपणा कुठला? टीव्हीवर बघा म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नाही. ते लग्नालाही जेवणापुरतेच जातात.

बरं, असले उद्योग शहाणी माणसं करत नाहीत म्हणावं, तर 22 जानेवारी 1898 चं ग्रहण आपल्याच मुलखातून गेलं होतं. दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल दुर्बिणी घेऊन करमाळ्याजवळच्या जेऊरला उतरले, पुण्याहून प्राध्यापक नायगमवालाही तिथेच आले, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गावर ठाण मांडून बसले. त्यांना कुणी येडं म्हणालं नाही. साहेबाची टोपी असली की खुळाला मोहीम म्हणतात.

ढगांची हरकत मात्र खरी. 22 जुलै 2009 ला, आषाढी अमावास्येला, हवामानाचे आकडे बघून हिशेबी मंडळींनी बिहारमधलं तारेगणा गाठलं आणि भर गर्दीत ढगांची पाठ बघितली. त्याच सकाळी काशीला नुसत्या ग्रहणस्नानाला गेलेल्या आजीबाईंना करोना फुकटात दिसली! पण संभव म्हणजे हमी नव्हे. पावसाचा अंदाज चुकला म्हणून पेरणीचा हिशेब कुणी सोडत नाही. गुरुजींनीही सोडलेला नाही. 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमधल्या लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे आणि तिथल्या आकाशात ऑगस्टमध्ये ढग औषधालाही मिळत नाही. पासपोर्टचा अर्ज गेलाय. तारेगणापासून गुरुजींच्या बायकोचा विश्वास मात्र आकड्यांवर नाही, काशीवर आहे. लक्सरला अंघोळीजोगी नदी आहे का, एवढंच त्यांनी विचारलंय.