धीर देणाऱ्या काकासाहेबांस

तीर्थस्वरूप काकासाहेब यांस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण वेळात वेळ काढून ह्यांना भेटायला आलात, आम्ही उभयता ऋणी आहोत. डायलिसिसहून आल्यावर ह्यांना मान वर करायचेही त्राण नसते. तरी आपण त्यांना उठवून बसवलेत आणि तासभर धीर दिलात.

"सगळं मनाच्या ताकदीवर असतं!" केवढा मोलाचा उपदेश! आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, दोन जाड सुया टोचून घेऊन मशीनपाशी पडून राहायला ताकद लागते, हे आपल्याइतके कोण जाणणार?

आपण आणलेल्या शहाळ्यांबद्दल तर आभार मानावे तेवढे थोडे. ह्यांच्या किडन्या पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साचले की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही. शहाळ्यात ते भरपूर. पाण्यावरही बंधन, म्हणून दिवसभराचे पाणी हे सकाळीच तांब्यात मोजून ठेवतात. घसा कोरडा पडला तर नुसती चूळ भरतात. रात्री तांब्यात घोटभर उरले की मला बोलावून दाखवतात. आपण त्यालाच "बायकी चोचले" म्हणालात.

1977 साली अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मांडले, की माणसाचा स्वतःवरचा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतःला काही जमल्यामुळे. दुसऱ्याच्या सांगण्याचा जोर त्यापुढे कमी. ह्यांना जमलेले त्या तांब्यात होते, काकासाहेब.

भूक मेलेली, झोप उडालेली, अंगात शक्ती नाही. किडनीच्या आजारात हेच होते आणि नैराश्यातही हेच, म्हणून नैराश्य सहज नजरेतून निसटते. आमच्या डॉक्टरांनी एकदा खुर्ची जवळ ओढून विचारले, "हल्ली कशात मन रमतं का?" हे बराच वेळ गप्प राहिले आणि मग रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी ह्यांना रडताना पाहिले. त्या दिवशी मानसोपचाराची गोळी सुरू झाली. तीन-चार आठवड्यांनी हे पुन्हा पेपर मागू लागले होते.

आपण त्या गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन म्हणालात, "ही वेड्यांची गोळी तुला कशाला?"

त्या रात्री ह्यांनी ती घेतली नाही. दुसऱ्याही रात्री नाही.

तेव्हा हात जोडून विनंती, येत्या रविवारी या. रविवारी डायलिसिस नसते. शहाळी नकोत. ह्यांच्यासमोर बसा आणि तेवढे एक वाक्य मागे घ्या.

लोभ असावा.

आपली सूनबाई