बंगालच्या उपसागरास, यवतमाळहून

प्रिय उपसागर यांस,
स. न. वि. वि.

पत्र खुलंच लिहितो. पाकिटात घातलं असतं तरी तुमच्यापर्यंत ते आमच्या नदीनंच नेलं असतं.

तुमच्या पोटातली जीवसृष्टी वाचवायला भारतासह आठ देश एकत्र आले आणि 2009 साली त्यांनी मोठा प्रकल्प सुरू केला, असं कळलं. त्यात यवतमाळचं नाव नाही, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमच्याकडे बंदर नाही, होडी नाही. आहे ती पऱ्हाटी. समुद्राची काळजी कोकणवाल्यांनी करावी.

तरी शेजारधर्म आम्ही सोडलेला नाही. अरुणावती आणि पूस पैनगंगेला मिळतात, वणीची निर्गुडा वर्धेला. पुढे वर्धा-पैनगंगा एक होतात, वैनगंगेला भेटून प्राणहिता होतात, सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरतात आणि गोदावरी तुमच्या दारात. याच वाटेनं पहिल्या जोरदार सरीत वाहून जाणारा युरिया, नाल्यात विसळलेले फवारणीचे डबे आणि गावोगावचं सांडपाणी आम्ही रवाना करतो. टपालखर्च शून्य.

शास्त्रज्ञ कुरकुरतात. म्हणे तुमच्या पाण्यात शे-दोनशे मीटर खाली प्राणवायू आधीच नावापुरता उरलाय. नद्यांतून नत्र येत राहिलं की वर शैवाल माजतं, मरून खाली जातं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं. मग मासे कुठं जातील? जातील कुठंही. आमचा जिल्हा ज्वारी-तुरीचा.

आणि विषाचं म्हणाल, तर 2017 च्या फवारणीच्या हंगामात आमचेच 20हून अधिक शेतकरी-मजूर गेले. तोंडाला फडकं बांधलेल्या धडधाकट माणसाला जे सोसलं नाही, ते गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाच्या खारफुटीत वाढणाऱ्या कोळंबीच्या पिलांना नक्की सोसेल, अशी आमची श्रद्धा आहे.

तक्रार एकच. पावसाळ्यात तुमच्यावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते पश्चिमेकडे सरकलं की आमच्या वावरात पाऊस पडतो. हल्ली तो कधी दडी मारतो, कधी एका रात्रीत शेत खरडून नेतो. आम्ही दरवर्षी न चुकता एवढं पाठवत असताना तुमचा हा अनियमितपणा बरा नव्हे.

कळावे,
यवतमाळ जिल्ह्यातला एक कोरडवाहू रहिवासी

ता. क. हे यवतमाळकरांसाठी. युरिया एकदम फेकू नका, हप्त्याहप्त्यानं द्या. डबे नाल्यात विसळू नका. नाल्याकाठी गवताचा पट्टा राखा. सांडपाणी शुद्ध न करता नदीत सोडणाऱ्या नगरपालिकेला जाब विचारा. आपला समुद्र कोकणात नाही, काकीनाड्याजवळ आहे. आपला बराचसा पाऊस तिथून येतो आणि आपलं सगळं पाणी तिथंच जातं.