लूप तोच, वेश एसक्यूएलचा

आरपीजी प्रोग्रॅममधले सगळे 'चेन' काढून एसक्यूएल घाला, असा हुकूम निघाला की माझं डोकं फिरतं. आरपीजी ज्यावर चालतं ते आयबीएमचं एएस/४०० १९८८ साली आलं. आज त्याच घराण्याला आयबीएम आय म्हणतात. त्यावर बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं अजून चालतात, आणि त्यांतले कितीतरी प्रोग्रॅम पुण्या-मुंबईतली मंडळी सांभाळतात. ग्राहक क्रमांक हातात आहे, एकच रेकॉर्ड हवं आहे, तर 'चेन' की वापरून थेट तिथे पोचतो. चालता प्रोग्रॅम फोडून तिथे 'सिलेक्ट' लिहिल्याने कुणाचं भलं होतं?

खरी नासाडी मोठ्या कामात होते. लाखभर पॉलिसींचा हप्ता बदलायचा असतो. जुना प्रोग्रॅम 'सेटलएल'ने फाइलमधली सुरुवातीची जागा धरून एकेक रेकॉर्ड वाचायचा, बदलायचा. नवा प्रोग्रॅम कर्सर उघडतो, एकेक ओळ 'फेच' करतो आणि दर ओळीला आत आणखी एक 'सिलेक्ट' मारतो. एका 'अपडेट'मध्ये डेटाबेसवर सोपवता आलं असतं ते काम हा स्वतःच कुटत बसतो आणि जुन्याहून हळू चालतो. खापर मात्र एसक्यूएलवर फुटतं.

त्याहून वाईट म्हणजे एसक्यूएलकोड न तपासणं. फाइलवरची चूक सांभाळलेली नसेल तर आरपीजी प्रोग्रॅम मेसेज टाकून थांबतो. एम्बेडेड एसक्यूएल फसलं तर एसक्यूएलकोडमध्ये फक्त ऋण आकडा येतो आणि प्रोग्रॅम पुढे जातो. व्हेरिएबलमध्ये आधीच्या ग्राहकाची बाकी तशीच पडलेली असते. ती या ग्राहकाच्या नावावर छापली जाते.

तरीही नवं काम एसक्यूएलमध्येच व्हावं, याबद्दल मला शंका नाही. फाइलमध्ये एक फील्ड वाढवलं की रेकॉर्ड फॉरमॅट बदलतो, आणि त्या फॉरमॅटवर बेतलेले प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केले नाहीत तर लेव्हल चेकवर आपटतात. कॉलमची नावं घेऊन लिहिलेला 'सिलेक्ट' तसाच चालत राहतो. शिवाय डीडीएसने, म्हणजे फाइलची व्याख्या लिहायच्या जुन्या पद्धतीने, बनवलेल्या फाइलमध्ये आकड्याच्या जागी कचरा शिरू शकतो आणि तो कळतो वाचताना, बहुधा मध्यरात्रीच्या बॅचमध्ये. एसक्यूएलने बनवलेलं टेबल तो लिहितानाच अडवतं.

म्हणून रिव्ह्यूला बसाल तेव्हा कर्सरच्या आतला 'सिलेक्ट' आधी शोधा आणि तिथे जॉइन करायला लावा. एसक्यूएलकोडची तपासणी नसेल तर प्रोग्रॅम परत पाठवा. 'चेन'ला हात लावायची घाई नको.